परीक्षा होऊ दे

आमच्या घरात आई म्हणजे मी. मुलगा तिलेक मला आई म्हणतो, सून झमीरा आई म्हणायची, आणि झमीराच्या पोटची बेगायिम, तीही मलाच आई म्हणायची. झमीराला ती वहिनी म्हणायची आणि तिलेकला दादा. यात नवल काही नाही. पहिलं मूल आजी-आजोबांचं, ही आमची रीत. माझी पहिली लेक माझ्या सासूनं घेतली होती. ती आजही मला वहिनीच म्हणते, आणि त्यानं आम्हां दोघींपैकी कुणी मेलं नाही.

बेगायिमला घेतलं तेव्हा ती चाळीस दिवसांची होती आणि झमीरा एकोणीस वर्षांची. झमीरा म्हणाली, "आई, अजून आठवडाभर पाजते ना."

मी म्हटलं, "जेवढं पाजशील तेवढं तुटायला जड जाईल."

तिच्या छातीला मीच फडकं घट्ट बांधून दिलं. पोरीला गाईच्या दुधावर वाढवलं. जन्माच्या दाखल्यावर आईच्या रकान्यात माझं नाव घातलं. कचेरीतल्या बाईनं माझ्या पांढऱ्या केसांकडे पाहिलं. मी म्हटलं, "बघतेस काय? लिही." तिनं लिहिलं. वर्षभरात तिलेक आणि झमीरा मॉस्कोला कामाला गेले. तिथं त्यांना आणखी दोन मुलगे झाले. ते त्यांचे, ही माझी.

गावात सगळ्यांना ठाऊक होतं, पण पोरीच्या तोंडावर बोलायची कुणाची टाप नव्हती. सांगायचं तर मीच सांगणार, हे ठरलेलं होतं. कधी, ते ठरलेलं नव्हतं.

बेगायिम सोळाची झाली आणि शाळेतल्या गुल्बाराबाईंनी तिचं नाव एका परीक्षेला दिलं. निवड झाली तर वर्षभर अमेरिकेतल्या शाळेत शिकायला नेतात. आमच्या आत-बाशीच्या खोऱ्यातून आजवर कुणी गेलं नव्हतं. परीक्षा एप्रिलात, राजधानीत, बिश्केकला. एक दिवस लेखी, दुसऱ्या दिवशी तोंडी. बाई मला बायबिचे म्हणतात, म्हणजे घरची थोरली. त्या म्हणाल्या, "पोरीला सगळं येतं बायबिचे, एकाच ठिकाणी अडते. भूतकाळाच्या मागचा भूतकाळ."

मी म्हटलं, "त्या भूतकाळात तर आम्ही सगळेच अडतो. घरी येऊन शिकवा. शाळेत शेगडी नाही, पोरीची बोटं गारठतात."

म्हणून हिवाळाभर एक दिवसाआड दुपारी बाई आमच्याकडे यायच्या. मी चहा ठेवायची, कणकेचे ताजे बोरसोक तळायची, आणि तिथंच लोकर विंचरत बसायची. मी चौथीपर्यंत शाळा शिकले. इंग्रजीचं एक अक्षर मला येत नाही. पण कान काही म्हातारे झालेले नाहीत, आणि बाई समजावून सांगायच्या त्या आपल्याच भाषेत.

एकदा बाई म्हणाल्या, "बेगायिम, नीट ऐक. 'मी पोचले तेव्हा बस गेली' आणि 'मी पोचले तेव्हा बस गेलेली होती.' यात फरक काय?"

पोर विचारात पडली. मीच म्हटलं, "पहिलीत ड्रायव्हरला दोन शिव्या घालता येतात. दुसरीत कुणाला घालणार?"

बाई हसून हसून खोकल्या. "अगदी बरोबर, बायबिचे! पहिलीत दोन्ही गोष्टी एकदमच. दुसरीत एक आधीच होऊन गेलेली. आधीच होऊन गेलेलीच्या डोक्यावर 'हॅड' बसवायचं."

मग पोरीला सवयच लागली. दिसेल त्या क्रियापदाच्या डोक्यावर ती हॅड बसवू लागली. मी उठले होते, तोंड धुतलं होतं, चहा प्याले होते, शाळेला गेले होते. बाईंनी वही बाजूला सारली.

"अगं, सगळीच थोरली कशी? दस्तरखानावर बसतो तेव्हा दारासमोरची मानाची जागा किती जणांना? सगळेच तिथं चढून बसले तर चहा कोण ओतणार? एकामागून एक सरळ झालेल्या गोष्टी सरळच सांगायच्या. दोन गोष्टींत मागची कुठली, पुढची कुठली, असा घोटाळा होईल तिथंच हॅड."

"आणि 'आधी', 'नंतर' हे शब्द वाक्यात असले तर?" पोरीनं विचारलं.

"मग ते शब्दच क्रम सांगतात. हॅड घातलंस तर चूक नाही, नाही घातलंस तरी अर्थ कळतो. खरा लबाड शब्द म्हणजे 'तेव्हा'. तो क्रम झाकून ठेवतो. मी आले तेव्हा गाय व्याली."

"म्हणजे मी कासेपाशी उभी होते," मी म्हटलं.

"आणि मी आले तेव्हा गाय व्यायलेली होती."

"म्हणजे वासरू चाटून झालं होतं आणि मला कुणी बोलावलं नव्हतं."

बेगायिम हसली. "बाई, परीक्षेला माझ्याऐवजी आईलाच पाठवा."

असा हिवाळा गेला. असं हसून आमच्या घरात त्यानंतर कुणी बोललेलं नाही.

मार्चमध्ये तिलेकनं झमीराला घरी आणून सोडलं. पोटात गाठ होती. मॉस्कोच्या डॉक्टरांनी पोट उघडलं आणि तसंच शिवलं. तिलेकला काम सोडता येईना, धाकटे दोघे शाळेत, म्हणून तो चार दिवस राहून परत गेला. झमीराला मी खिडकीखालच्या गादीवर निजवलं. पस्तीस वर्षांची बाई, पण उचलायला कोकरासारखी झाली होती. सून म्हणून मी तिला कधी वाईट म्हटलेलं नाही. हात चलाख, तोंड बंद. सुनेत आणखी काय बघायचं?

बेगायिम शाळेतून आली की तिच्याजवळ बसायची. "वहिनी, सूप घेतेस?" "वहिनी, उशी वर करू?" झमीरा तिच्याकडे नुसती बघत राहायची. पोर पाठ वळवून शेगडीत शेणी घालायला लागली, की तिच्या पाठीकडे बघायची.

आठवड्यानं, पोर शाळेत असताना, झमीरा मला म्हणाली, "आई, आजवर मी तुमच्याकडे काही मागितलं नाही."

"मग आताच कशाला मागतेस? पडून राहा."

"तिला सांगा. तुम्हीच सांगा, मी तोंड उघडणार नाही. मला काही नको, एकदा तिनं मला आई म्हणावं. एकदाच. मग परत वहिनी म्हणू दे."

मी तिचं पांघरूण नीट केलं. म्हटलं, "पोरीची परीक्षा महिन्यावर आलीय. आता डोक्यात खडा टाकला तर सगळं वर्ष वाया जाईल. परीक्षा होऊ दे."

"परीक्षेपर्यंत मी असेन का, आई?"

"असशील. तुला काय धाड भरलीय?"

असं मी मरायला टेकलेल्या बाईला म्हणाले. परीक्षेचं कारण खोटं नव्हतं. पण खरं तेवढंच नव्हतं. सोळा वर्षं त्या पोरीच्या तोंडी 'आई' म्हणजे मी. एकदा तो शब्द दुसरीकडे गेला की परत येताना तसाच येईल, असं कोण सांगणार? दूध एका भांड्यातून दुसऱ्यात ओतलं की थोडं पहिल्याला चिकटून राहतंच. माझ्या स्वतःच्या लेकीच्या तोंडून मी तो शब्द कधी ऐकला नाही. हिच्या तोंडून ऐकला, तो मला सोडवेना.

परीक्षा आठ दिवसांवर आली तेव्हा एका दुपारी बेगायिम झमीराच्या उशाशी वही घेऊन बसली होती. मी दूध काढून बादली घेऊन आत येत होते. झमीरा म्हणत होती, "दिवसभर काय पुटपुटतेस? मलाही एक शिकव."

पोरीनं वही मिटली. सावकाश एक लांब वाक्य म्हणाली. वहीतलं नव्हतं ते. बोलताना ती झमीराच्या तोंडाकडे बघत होती.

झमीरा तिच्यामागून म्हणू लागली. जीभ वळेना. मधले तीनच शब्द तिला जमले, "आय हॅड नोन." पोर मान हलवत होती, होय, होय. झमीरानं विचारलं, "म्हणजे काय गं?"

पोरीनं ओठ उघडले आणि तेवढ्यात तिची नजर दारात माझ्याकडे गेली.

मला काही कळलं नव्हतं. फक्त इतकं दिसलं, की त्या दोघी एकमेकींच्या फार जवळ बसल्या आहेत. मी बादली आपटून ठेवली. "अर्थबिर्थ नंतर. वासराचा पाय बघ जा, लंगडतंय सकाळपासून. आणि आजाऱ्याला कसलं इंग्रजी शिकवतेस? तिला काय राणीला भेटायचंय?"

पोर उठली आणि गोठ्यात गेली. त्या दिवसापासून दोघींना एकटं सोडायचं नाही, असं मी ठरवलं. विणकाम घेऊन तिथंच बसू लागले.

पुढचे तीन दिवस झमीरा मला विचारत होती, "आई, 'हॅड नोन' म्हणजे काय हो? तुम्ही बाईंचं रोज ऐकत होता ना."

"मला काय ठाऊक," मी म्हणायची. मग तिनं विचारायचं सोडलं.

मंगळवारी सकाळी बेगायिम गुल्बाराबाईंबरोबर बिश्केकला निघाली. जाताना झमीराच्या कपाळाला तिनं ओठ लावले. "वहिनी, शुक्रवारी दुपारी दोनच्या बसनं येते. तोवर थांब हं."

झमीरा म्हणाली, "थांबते की. कुठं जाणार?"

बुधवारी उजाडताना ती गेली. मी तिचं डोकं मांडीवर घेतलं होतं. तिनं काही मागितलं नाही.

मी बाईंना फोन लावला. माणूस गेल्याची बातमी आमच्यात फोनवर देत नाहीत. माणसाला घरी आणतात, थोरले चारी बाजूंनी बसतात, आणि मग वळणावळणानं सांगतात. बाईंना मी सरळच सांगितलं, आणि म्हटलं, "पोरीला कळता कामा नये."

बाई म्हणाल्या, "बायबिचे, ती आत लिहायला बसायच्या आधी मी तिला परत आणू शकते. अजून तासभर आहे. तिची ती..."

"तिची वहिनी," मी म्हटलं. "परीक्षा होऊ दे."

गावकऱ्यांनी अंगणात मयतासाठी लोकरीच्या नमद्याचा तंबू, यर्ट, उभा केला. झमीराला आत, बायकांच्या बाजूला, पडद्यामागं निजवलं. येणाऱ्यांच्या जेवणासाठी घोडी कापली. सोयरेधायरे येऊ लागले, बाप्ये लांबूनच कमरेत वाकून, काठी टेकत, ओरडून रडत येत होते. गुरुवारी संध्याकाळी तिलेक धाकट्या दोघांना घेऊन पोचला. ते दोघे यर्टच्या दारात 'मामा, मामा' करून रडले, रशियन पोरं आईला हाक मारतात तसे. माझ्या काळजाला पहिल्यांदा घरं पडली ती तेव्हा. तरी मी बळ धरून होते.

शुक्रवारी दुपारचा नमाज झाला. मुल्लांनी विचारलं, "कुणाची वाट बघायची आहे का?"

तिलेक माझ्याजवळ आला. डोळे सुजलेले. "आई, बेगायिम दोनपर्यंत येईल. तासाभराचा तर प्रश्न आहे. थांबू या."

आता मी जे सांगते ते मी मुल्लांना सांगितलेलं नाही, तिलेकलाही नाही.

लेक आली असती तर तिला मयतापाशी बसावं लागलं असतं. आमच्या बायका यर्टमध्ये भिंतीकडे तोंड करून, कमरेवर हात ठेवून, शोक गातात. जी जशी नात्याची तसे तिचे शब्द. लेकीचा शोक वेगळा, नणंदेचा वेगळा. सगळं गाव कान देऊन ऐकतं आणि वर्षानुवर्षं लक्षात ठेवतं. माझी पोर तिथं बसून नणंदेसारखं रडली असती, "माझ्या हसऱ्या वहिनी, माझ्या भावाचं घर मोडलं" असं काहीतरी, आणि खाली झमीरा तशी निजलेली. खोऱ्यातली एकूणएक बाई म्हणाली असती, या कालिपा म्हातारीनं पोरीला आईच्या मयतावरसुद्धा कळू दिलं नाही. ते मला सोसवणार नव्हतं. मयत गेल्यावर पोर आली असती, तर चार आसवं गाळून गप्प झाली असती. पुढं चाळिसाव्यानंतर केव्हातरी मी तिला जवळ घेऊन सांगितलं असतं.

मी म्हटलं, "शुक्रवार आहे. मातीला उशीर करू नये. न्या."

तिलेक माझ्याकडे बघत राहिला. पस्तिशी-चाळिशीचा बाप्या, पण माझ्या शब्दापुढं त्यानं आजवर शब्द काढलेला नाही. त्या दिवशीही काढला नाही. त्यांनी तिला उचललं. बायका मातीला जात नाहीत. आम्ही आतच राहिलो.

दोनला दहा कमी असताना बस वळणावर आली. वळणावरून आमचं अंगण दिसतं. पोरीला यर्ट दिसला. बस उभी राहायच्या आत ती उतरली आणि धावत आली. बाई तिची पिशवी घेऊन मागून धापा टाकत होत्या. मी यर्टच्या दारात उभी होते. हात पसरले. ती माझ्या हातांखालून आत गेली.

आत पडदा बाजूला सारलेला होता. गादी उचललेली होती. जमिनीवरचा नमदा तेवढा तिथं दबलेला होता. पोर त्या जागेकडे बघत उभी राहिली. मग भिंतीकडे तोंड करून बसली, कमरेवर हात ठेवले, आणि गळा काढला.

उगवतीला निघालीस, गं माये, दार माझं लोटून,
मी उठले तेव्हा, गं माये, वाट गेली होती मिटून.
वहिनी म्हणत वाढले, ओठ ठेवले शिवून,
हाक पोचायच्या आधी, माये, गेलीस कान घेऊन.

यर्टमधल्या बायका रडायच्या थांबल्या. पोर थांबेना. एकामागून एक ओळी येत होत्या, कुठं अडखळत नव्हती. पाजलेल्या चाळीस दिवसांची ओळ होती. छातीला बांधलेल्या फडक्याची ओळ होती. ती गोष्ट तिला कुणी सांगितली देव जाणे. हे काही बसमध्ये जुळवलेलं नव्हतं. महिनाभर शेगडीत शेणी घालताना, सूप ढवळताना, ती मनातल्या मनात हे जुळवत होती, आणि ज्या बाईसाठी जुळवत होती ती तिच्या पाठीकडे बघत पडलेली होती.

बायकांनी तिच्याकडे पाहिलं नाही. सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. माझी चुलत जाऊ एवढंच म्हणाली, "तासभर थांबला असतात, तर काय झालं असतं?"

चौथ्या दिवशी पाहुणे पांगले. तिलेक पोरांना घेऊन मॉस्कोला गेला. बेगायिम कणीक मळत होती. मी विचारलं, "कधीपासून ठाऊक होतं तुला?"

"सहावीपासून."

"कुणी सांगितलं?"

"कुणी नाही. शाळेच्या कागदावर तुझं वय लिहायचं होतं. लिहिलं आणि माझं वजा केलं. बावन्न आले. बावन्नाव्या वर्षी कुणाला पोर होतं का?" ती कणीक मळतच होती. "मग वहिनी पुढच्या उन्हाळ्यात आली तेव्हा तिचे हात बघितले. माझेच हात."

"मग बोलली का नाहीस? चार वर्षं?"

तिनं पहिल्यांदा मान वर केली. "थोरल्यांच्या आधी तोंड उघडू नये, हे कोण शिकवायचं मला? सांगायचा मान तुझा होता. तू सांगशील म्हणून थांबले होते."

ती पुढं म्हणाली, "त्या दिवशी तिच्या उशाशी बसले तेव्हा ती फार सुकलेली दिसली. वाटलं, आता थांबणं बरं नव्हे. आपल्या भाषेत बोलले असते तर तुझ्या आधी बोलल्यासारखं झालं असतं. म्हणून इंग्रजीत सांगितलं. इंग्रजीत कुणाचा मान जात नाही असं वाटलं."

"काय सांगितलंस?"

"'तू घरी आलीस तेव्हा मला कितीतरी वर्षांपासून ठाऊक झालेलं होतं.' अर्थ सांगणारच होते. तू वासराकडे पाठवलंस."

"नंतर सांगायचास."

"नंतर तू ती खोली सोडलीसच कुठं?"

झमीरा तीन दिवस त्या शब्दांचा अर्थ मला विचारत होती, हे मी पोरीला सांगितलेलं नाही. अजूनही नाही. ते ऐकून ती माझ्याकडे ज्या नजरेनं बघेल, ती नजर सोसायला माझ्यात आता बळ नाही. रागाची असती तर सोसली असती. रागाला मी कधी भ्यायले नाही.

मेच्या अखेरीला गुल्बाराबाई कागद घेऊन आल्या. पोरीची निवड झाली होती. लेखीत तर तिला सगळ्यांत वरचा क्रमांक होता. बाईंनी कागद माझ्या हातात दिला, पण त्यांच्या तोंडावर आनंद नव्हता.

बेगायिमनं चहा ओतला, बाईंना दिला, आणि म्हणाली, "मी जाणार नाही."

मी म्हटलं, "वेड लागलं का? याच्यासाठी मी..." आणि थांबले. याच्यासाठी मी काय केलं होतं, ते आमच्या तिघींनाही ठाऊक होतं.

"वर्ष होईपर्यंत मी घर सोडणार नाही," ती म्हणाली. "दर गुरुवारी तिच्या नावानं तेलात बोरसोक तळायचे, चाळिसावा घालायचा, वर्षाचं जेवण घालायचं. ते झाल्याशिवाय नाही."

"बोरसोक मी तळेन. चाळिसावा मी घालेन. तू जा."

"तुम्ही सासू. लेकीचं काम लेकीनं करायचं."

"वहिनीसाठी कुणी वर्ष धरत नाही, पोरी," मी म्हटलं. असं मी म्हटलं! जीभ जुन्याच वाटेनं गेली.

ती म्हणाली, "आईसाठी धरतात."

बाई पेला खाली ठेवून उठल्या. दारात मला म्हणाल्या, "बायबिचे, ही जागा पुढच्या वर्षासाठी राखून ठेवत नाहीत. मी विचारलं." मग त्या गेल्या. पोरीनं त्यांचा पेला धुतला.

त्या दिवशी ती मला 'तुम्ही' म्हणाली, हे माझ्या ध्यानात नंतर आलं. मग आणखी एक गोष्ट ध्यानात आली. यर्टमध्ये गेली त्या दुपारपासून तिनं मला एकदाही हाक मारलेली नव्हती. आई नाही, आजी नाही, काहीच नाही. 'आजी' म्हणाली असती तरी मी ओ दिली असती, इतकी मी उतरले आहे. पण ती काही म्हणतच नाही. उद्धट वागत नाही. गाई पिळते, माझे पाय चेपते, माझ्या गोळ्या वेळेवर हातात देते. काही सांगायचं असलं की समोर येऊन उभी राहते, आणि मी बघितलं की बोलते.

रोज दुपारी ती चहा घेऊन माझ्यासमोर येते आणि मी मान वर करायची वाट बघते. मी मान वर करत नाही. लोकर विंचरत राहते. मनात म्हणते, एकदा हाक मारू दे, कुठलीही. बराच वेळ आम्ही दोघी अशाच असतो. मग ती पेला माझ्याजवळ ठेवते आणि गाईंकडे जाते. चहावर साय धरते. मी तो तसाच गार पिते.